लहान बेटावरील अन्नस्पर्धा कशी ओळखावी

दोन जातींचे पक्षी एकाच झुडपाखाली दाणे टिपताना दिसले की त्यांच्यात स्पर्धा आहे असे लिहून मोकळे होण्याचा मोह नवख्या निरीक्षकाला हमखास होतो. अन्न मुबलक असताना मात्र अनेक जाती सुखाने एकत्र चरतात. एकीच्या खाण्यामुळे दुसरीला कमी पडले आणि त्यापायी दुसरीची वाढ, वीण किंवा संख्या घटली, हे दाखवता आले तरच स्पर्धा सिद्ध होते. ते कसे दाखवावे, हे गालापागोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर या सुमारे ३४ हेक्टरांच्या बेटावरून शिकता येते. तेथे पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून अनेक दशके फिंच या लहान, दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास केला.

सुरुवात अन्नाच्या मोजणीने करावी. ठरावीक मापाचे चौकोन आखून त्यांतील बिया ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही हंगामांत मोजाव्यात, आणि त्यांचा आकार व कठीणपणाही नोंदवावा. त्यानंतर पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून, चोची मोजून, कोणता पक्षी कोणती बी खातो आणि ती फोडायला त्याला किती वेळ लागतो, हे टिपावे. डॅफ्नीवर आपल्या सराट्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीची काटेरी फळे असतात. ती फोडणे ‘मध्यम भूफिंच’ या फिंच-जातीपैकी मोठ्या चोचीच्या पक्ष्यांनाच जमते. ‘मोठा भूफिंच’ ही दुसरी जात मात्र ती सहज फोडते. (अनवाणी पायाने सराटा अनुभवलेल्या वाचकाला या चोचीचे मोल वेगळे सांगायला नको.)

खरी परीक्षा टंचाईच्या वर्षी होते, म्हणून निरीक्षण अनेक वर्षे चालू ठेवण्याची तयारी हवी. १९७७ च्या अवर्षणात लहान, मऊ बिया संपल्या आणि मध्यम भूफिंचांपैकी मोठ्या चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात तगले. पुढे १९८२ च्या अखेरीस मोठा भूफिंच या बेटावर येऊन वीण करू लागला आणि त्याची संख्या वाढत गेली. २००४ च्या सुमारास पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा सराट्याचा साठा मोठ्या भूफिंचानेच फस्त केला. या वेळी मध्यम भूफिंचांमध्ये मोठ्या चोचीचेच पक्षी अधिक मेले आणि सरासरी चोच लहान झाली. बेट तेच, संकटही त्याच जातीचे, परंतु परिणाम उलटा. केवळ दुष्काळाने हे घडले असते तर दोन्ही वेळा चोच एकाच दिशेने बदलली असती. स्पर्धकाच्या आगमनाआधीच्या नोंदी हाताशी नसत्या, तर हा निष्कर्ष काढताच आला नसता.

अशी संधी आपोआप मिळण्याची वाट पाहणे शक्य नसेल आणि रीतसर परवानगी असेल, तर कुंपणाचा प्रयोग करावा. कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टिन बेटावर अ‍ॅनोलिस सरड्यांच्या दोन जाती कुंपणात एकत्र ठेवल्यावर एकीची वाढ मंदावली. शेजारच्या सेंट युस्टेशियस बेटावर, जेथे दोन्ही जातींच्या आकारात बराच फरक आहे, तसा ठळक परिणाम दिसला नाही. मात्र तुलनेसाठी एकाच जातीचे कुंपणही त्याच जागी आणि त्याच हंगामात उभारावे.