कोल्हापुरात राहून वजन उतरवायचं, तर आधी तेल मोजा

वजन कमी करायचं ठरलं की कोल्हापुरात पहिली कुऱ्हाड पडते ती मटणावर. मग भात बंद, मग रात्रीचं जेवण बंद. तीन आठवड्यांत माणूस चिडचिडा होतो आणि चौथ्या रविवारी दोन ताटं चेपून मोकळा होतो. खरं तर कमी चरबीच्या १०० ग्रॅम कच्च्या मटणात साधारण १२० ते १३० कॅलरी असतात आणि प्रथिनं मिळतात २० ग्रॅमच्या आसपास. त्याच मटणावर तरंगणाऱ्या दोन मोठ्या चमचे तेलात २४० कॅलरी, आणि प्रथिनं शून्य. कशाला कात्री लावायची, हे इथंच ठरतं.

सुरुवात टेप आणि काट्यापासून

कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध. श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही, टेप आवळायचा नाही. पुरुषांची कंबर ९० सेंमी आणि बायकांची ८० सेंमीच्या वर गेली, की वजन बेताचं दिसत असलं तरी पोटाची चरबी वाढलेली समजायची. उंचीच्या मानानं वजन पाहायचं तर मीटरमधल्या उंचीचा वर्ग करून त्यानं किलोतल्या वजनाला भागा. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. १६५ सेंमी उंचीच्या माणसासाठी हे आकडे म्हणजे सुमारे ६३ आणि ६८ किलो.

वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर करा. रोज केलं तरी चालेल, पण तुलना आठवड्याच्या सरासरीशीच करा. रविवारी रस्सा ओरपला की सोमवारी काटा किलोभर वर दिसतो. ती चरबी नसते. मिठानं धरून ठेवलेलं पाणी असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो उतरतात त्यातही बराचसा भाग पाण्याचाच असतो, त्यामुळं त्यावर पेढे वाटू नयेत.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोजच्या खाण्यातून ४०० ते ५०० कमी केल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरतं, आणि तेवढंच उतरावं. यापेक्षा फार घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही जातात, दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बायकांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० कॅलरींच्या खाली जाऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटलंच पाहिजे. डोस तोच ठेवून ताट अर्धं केलं तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. रक्तदाबाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, अंगावर पाजणारी आई, इथंही आधी विचारायचं, मग सुरू करायचं.

तेलाचा हिशेब डब्यावरून

माणसामागं तेल किती जातं हे कढईकडं बघून कधीच कळत नाही. महिन्याच्या डब्यावरून कळतं. वजन उतरवणाऱ्यानं दिवसाला १५ ते २० ग्रॅम, म्हणजे तीन-चार छोटे चमचे तेलात भागवावं. चौघांच्या घरात सगळ्यांनी हाच हिशेब पाळला तर महिन्याला अडीच लिटरच्या आसपास तेल लागतं. पाच-सहा लिटर संपत असेल तर वजन का वाढतंय हे वेगळं शोधायला नको. महिन्याचं तेल पहिल्या तारखेलाच वेगळं काढून ठेवा आणि फोडणीला बाटलीतून धार न सोडता ५ मिलीच्या मापी चमच्यानं घाला. घरातला जेवणाचा चमचा भरून घेतला तर ८ ते १० मिली बसतं, म्हणजे एका चमच्याच्या नावाखाली दोन जातात.

कांदा-लसूण चटणीला तेल लागतंच असं नाही. भाकरीबरोबर ती खाताना वर कच्च्या तेलाची धार घ्यायची सवय असते, ती एक धार म्हणजे सहज १०० कॅलरी. चटणी दह्यात कालवा.

तांबडा आणि पांढरा

तांबडा तिखट म्हणून वाईट आणि पांढरा सौम्य म्हणून हलका, असा समज आहे. वजनाच्या बाबतीत गोष्ट जवळजवळ उलटी आहे. तांबड्याचं तेल वर तवंग होऊन येतं, त्यामुळं ते काढता येतं. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस यांची चरबी रश्श्यात एकजीव झालेली असते. तिथं पळी चालत नाही, वाटी लहान करणं एवढाच उपाय.

घरी तांबडा करताना मटणाचा अळणी रस्सा आदल्या रात्रीच शिजवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा थर गोठलेला असतो, तो चमच्यानं उचलून टाकून द्या. ती मटणाची चरबी. वाटणासाठी सुकं खोबरं चौघांत ३० ग्रॅमच्या वर नको. एवढ्यातच जवळपास २०० कॅलरी असतात. खोबरं आणि तीळ कोरडेच भाजा. दाटपणा हवा असेल तर भाजलेल्या कांद्याचं प्रमाण वाढवा. फोडणीला चार माणसांत चार छोटे चमचे तेल. रंग थोडा फिका येईल, तो मिरची भिजवून वाटली की भरून निघतो. वाढायच्या आधी पातेलं दहा मिनिटं हलवू नका, मग पळी वरच्यावर धरून तवंग काढा. हे फोडणीचं तेल फ्रिजमध्ये मटणाच्या चरबीसारखं गोठत नाही, म्हणून ते असं पळीनंच काढावं लागतं.

ताटात सुकं मटण चार-पाच मध्यम फोडी, तांबड्याच्या दोन वाट्या, पांढऱ्याची एक छोटी वाटी, एक भाकरी, कांदा-लिंबू भरपूर. आठवड्यातून एकदा एवढं खाऊन वजन उतरायचं थांबत नाही.

मिसळीचं सूत्रही हेच. फरसाणात १०० ग्रॅमला ५०० च्या वर कॅलरी असतात. फरसाण निम्मं सांगा, उसळ जास्त मागा, कट वेगळा घ्या आणि वरचा तवंग बाजूला सारून खालचा घ्या. खरी गंमत कट पुन्हा पुन्हा येतो तिथं होते, कारण कट उरला म्हणून ब्रेडच्या दोन स्लाइस वाढतात आणि स्लाइस उरली म्हणून पुन्हा कट. दोन स्लाइसवर थांबायचं, तेही आधी ठरवून.

दूध, गूळ आणि जुना खुराक

या गावाला म्हशीच्या दुधाचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण कट्ट्यावर उभं राहून घेतलेला २५० मिलीचा ग्लास म्हणजे अडीचशेच्या वर कॅलरी. आखाड्यात घाम गाळणाऱ्याला तो चालतो. कोल्हापुरात कित्येकांचं वजन चाळिशीत वाढतं त्याचं कारण साधं आहे, तालीम सुटली तरी खुराक सुटलेला नसतो. थंडाई, तूप, बदाम, दूध हे सगळं शेकड्यानं बैठका मारणाऱ्या शरीरासाठी होतं. आता दूध हवंच असेल तर साय काढून, किंवा गाईचं, २०० मिली.

गूळ साखरेपेक्षा हलका नाही. दोन्हींत १०० ग्रॅमला ४०० च्या आसपासच कॅलरी. गुळाचा चहा दिवसातून चार वेळा घेतला तर हिशेब साखरेचाच. गुऱ्हाळावर गेलं की रस आणि काकवी होणारच, ती त्या दिवसाची गोड वाटणी समजा.

उपवासाबद्दल एकच: साबुदाण्याची खिचडी ही वजन कमी करणाऱ्याची वैरीण. पिठूळ दाणा, वर शेंगदाण्याचं कूट, वर तेल किंवा तूप. त्याऐवजी वरीचे तांदूळ, दही, एखादं फळ.

दिवसभराचं ताट

सुमारे ७५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या माणसासाठी १५०० कॅलरींचा एक नमुना असा. सकाळी एक चमचा साखरेचा चहा. न्याहारीला ४० ग्रॅम कोरडी मटकी मोड आणून केलेली उसळ, तेल एक छोटा चमचा, सोबत दोन उकडलेली अंडी. दुपारी ८० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, ३० ग्रॅम डाळीची आमटी, १५० ग्रॅम पालेभाजी, एक चमचा तेल, १०० ग्रॅम दह्याचं ताक, काकडी. चारला एक पेरू आणि मूठभर फुटाणे. रात्री ६० ग्रॅम पिठाची भाकरी, १२० ग्रॅम कच्च्या वजनाचं चिकन चमचाभर तेलात, आणि भाजी. यातून ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. वजन उतरताना किलोमागं १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर स्नायू झिजतात आणि भूकही लवकर लागते. शाकाहारी माणसानं चिकनऐवजी ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या, अंड्यांऐवजी पनीर ५० ग्रॅम घ्यावं. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळा, मग वास जातो.

भाकरी आहे म्हणून कितीही चालेल असं नाही. घरची मोठी भाकरी १०० ग्रॅम पिठाची असते, म्हणजे ३४० कॅलरी. अशा तीन झाल्या की हजार. थापायच्या आधी गोळा एकदा काट्यावर ठेवून बघा: ६० ग्रॅम पिठात पाणी जाऊन गोळा साधारण ११० ग्रॅमच्या घरात येतो. आठवडाभरात हाताला अंदाज बसतो. भात बंद करायचीही गरज नाही. एक वाटी शिजलेला भात, १५० ग्रॅम, दोनशेच्या आत असतो. एका जेवणात भाकरी किंवा भात, दोन्ही नको.

चालणं आणि बैठका

नुसत्या व्यायामावर वजन उतरत नाही. ७० किलोच्या माणसानं अर्धा तास झपझप चालून १२० च्या आसपास कॅलरी जळतात, एवढ्या तेलाच्या एका मोठ्या चमच्यात येतात. व्यायाम हवा तो स्नायू टिकवायला, साखर आटोक्यात ठेवायला आणि उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून.

आठवड्याला किमान १५० मिनिटं चाला. पहिल्या दोन आठवड्यांत रोज १५ मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-पाच वाढवा. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मिनिटाला शंभरेक पावलं. रंकाळ्याच्या कडेनं गप्पा मारत, मध्ये भेळ खात होतं ते फिरणं, त्याला यात धरू नका. आणि कोल्हापुरी चप्पल घालून तर मुळीच नको. चामड्याच्या सपाट तळव्याला गादी नसते. वजनदार माणसाची टाच महिन्याभरात धरते आणि चालणं बंद पडतं ते कायमचं. बूट घ्या. ९० किलोच्या पुढच्यांनी सुरुवातीला पळू नये, दोरीच्या उड्याही मारू नयेत. जुलै-ऑगस्टच्या झडीत बाहेर पडता येत नाही, तेव्हा जिना किंवा जागच्या जागी चालणं, दहा मिनिटं तीनदा.

आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि त्यासाठी तालमीतल्याच दोन गोष्टी पुरतात. बैठक आधी खुर्चीवर: पाय खांद्याएवढे फाकवून, कुल्ले मागं नेत खुर्चीला टेकेपर्यंत खाली, मग हात न टेकता वर. टाचा उचलल्या जात असतील किंवा गुडघे आत वळत असतील तर खुर्ची उंच घ्या. १० चे तीन फेरे सहज झाले की खुर्ची काढा. जोर आधी भिंतीवर, मग ओट्याच्या काठावर, मग जमिनीवर. कंबर लोंबली की तिथंच थांबायचं, पुढचे जोर कंबरदुखी देतात. पहिल्याच दिवशी जुन्या हौसेनं शंभर बैठका मारणाऱ्याला दोन दिवस जिना उतरता येत नाही आणि तिथंच व्यायाम संपतो.

काटा अडला तर

सहा-आठ किलो उतरल्यावर वजन अडतं, कारण हलक्या शरीराला कमी इंधन लागतं. शिवाय मापी चमचा तोवर ड्रॉवरमध्ये गेलेला असतो. तीन आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही जागचे हलले नाहीत तरच काही बदला. आधी एक आठवडा तेल, पीठ, दूध पुन्हा मोजा. बहुतेकदा चूक तिथंच सापडते. ६० मिलीचा पेग १३० कॅलरींचा आणि चकणा वेगळा, तोही याच वहीत लिहायचा. सगळं मोजूनही वजन अडलेलंच असेल तर रात्रीच्या भाकरीतलं २० ग्रॅम पीठ कमी करा, किंवा चालणं दहा मिनिटांनी वाढवा. झोप सहा तासांहून कमी होत असेल तर भूक वाढते, तिकडंही बघा. फारसं न खाताही वजन वाढत असेल आणि सोबत थकवा, थंडी सहन न होणं, पाळी बिघडणं असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

हव्या त्या वजनाला पोचल्यावर जुन्या ताटावर एकदम परतू नका. दर आठवड्याला शंभरेक कॅलरी, म्हणजे ३० ग्रॅम पीठ, वाढवत जा. वजन थांबलं की ते तुमचं ताट. त्यावर दोन किलो चढले की मापी चमचा ड्रॉवरमधून बाहेर.