फास्टिंगचं विजेट होम स्क्रीनवर लावायच्या आधी

फास्टिंग सुरू करताय आणि सारखं ॲप उघडायला नको म्हणून विजेट, म्हणजे होम स्क्रीनवरच ॲपची माहिती दाखवणारी छोटी चौकट, लावताय, तर आधी हे सगळं उरकून घ्या. मागच्या वेळी माझी बॅटरीची सेटिंग राहिली, विजेट रात्रीच कधीतरी थांबलं आणि सकाळभर मी त्याच जुन्या आकड्यावर विश्वास ठेवून बसले. त्यामुळे बॅटरीचं खाली परत परत येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

फोन हातात घ्यायच्या आधी वेळ ठरवा. १६:८ (१६ तास उपाशी, उरलेल्या ८ तासांत खाणं) करायचं की १४:१०, हे ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर घाईघाईत ठरवायची गोष्ट नाही. पहिल्यांदाच करत असाल तर १२ तासांपासून सुरू करा. आणि इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, बाळाला दूध पाजत असाल, वय १८ च्या आत असेल किंवा खाण्यापिण्याशी संबंधित आजार आधी होऊन गेला असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरूच करू नका, विजेट राहू द्या बाजूला.

ॲप टाका, नोटिफिकेशनला परवानगी द्या. अँड्रॉइड १३ पासून ॲपला ती वेगळी मागावी लागते आणि आपण सवयीने नको म्हणून मोकळे होतो, मग वेळ संपल्याचं कळत नाही.

आता बॅटरी. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी, आणि तिथे अनरिस्ट्रिक्टेड करा. काही फोनमध्ये ऑटोस्टार्ट नावाची आणखी एक परवानगी कुठेतरी आत लपलेली असते, तीही शोधून चालू करा. कारण असं आहे की अँड्रॉइड ६ पासून फोन नुसता पडून असला की सिस्टिम ॲप्सना झोपवते, आणि फास्टिंगचे अर्धे तास आपण झोपलेलो असतो, म्हणजे फोन नेमका तेव्हाच पडून असतो. आयफोनवर बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश चालू आहे ना बघा, आणि लो पॉवर मोड लावला की ते बंद होतं हे डोक्यात ठेवा. रात्री चार्जिंग कमी म्हणून लो पॉवर मोड लावून झोपायची सवय असेल तर सकाळच्या आकड्यावर भरवसा नको.

विजेट कुठलं निवडायचं यात खरी गंमत आहे आणि इकडे कोणी लक्ष देत नाही. बहुतेक ॲपमध्ये दोन प्रकार असतात, एकात ‘इतके तास झाले’ असं गोल भरत जातं, दुसऱ्यात सुरुवातीची आणि संपायची वेळ लिहिलेली असते. दुसरं घ्या. अँड्रॉइडमध्ये विजेटला सिस्टिमकडून ठरावीक वेळाने मिळणारं अपडेट अर्ध्या तासापेक्षा लवकर येत नाही, आयफोनमध्ये नेहमी बघितल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण ४० ते ७० रिफ्रेश मिळतात, म्हणून ते गोल थोडं मागे राहणारच, तो काही बिघाड नाही. पण विजेट तासन् तास अडकलं तर ‘११ तास झाले’ हे खोटं ठरतं आणि ‘रात्री ८ ते दुपारी १२’ हे खरंच राहतं, मग भिंतीवरचं घड्याळ बघून पण हिशोब लागतो. सेकंद पळणारा टायमर दिसत असेल तर तोही बरा, ते आकडे सिस्टिम स्वतः मोजते, ॲप झोपलं तरी चालतात.

आयफोनच्या लॉक स्क्रीनवर जी लाइव्ह ॲक्टिव्हिटी दिसते तिच्यावर १६ तासांचं फास्टिंग सोपवू नका. ती जास्तीत जास्त ८ तास चालू राहते, त्यानंतर फार तर ४ तास नुसती दिसत राहते, म्हणजे शेवटच्या, सगळ्यात कठीण तासांत ती नसते. लॉक स्क्रीनचं छोटं विजेट वेगळं, आयओएस १६ पासून आहे, ते चालेल.

आयओएस १७ पासून विजेटवरच बटण दाबता येतं. असं ‘फास्ट संपवा’ बटण असलेलं विजेट अंगठ्याखाली, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या भागात ठेवू नका, पान सरकवताना दाबलं जातं. चुकून दाबलं गेलंच तर सुरुवातीची वेळ मागे नेता येते का हे ॲपमध्ये आत्ताच शोधून ठेवा.

काही विजेट ‘ऑटोफॅजी सुरू’ असं दाखवतात. ऑटोफॅजी, म्हणजे पेशींनी स्वतःचेच जुने, खराब भाग मोडून परत वापरणं, ही खरी आहे, योशिनोरी ओसुमींना त्यावरच्या कामासाठी २०१६ चं नोबेल मिळालं, पण त्यांचं ते मूळ काम यीस्टवरचं होतं आणि तुमच्या विजेटने तुमच्या शरीरात काहीही मोजलेलं नाही, ते फक्त घड्याळ बघतंय. त्या पाटीसाठी तास ताणू नका. शक्य असेल तर तो प्रकार बंदच करा.

आता चाचणी, आणि ही टाळायची नाही. संध्याकाळी खोटा फास्ट सुरू करा, फोन लॉक करा, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी ॲप उघडायच्या आधी विजेट बघा. आधी. ॲप उघडलं की विजेट लगेच ताजं होतं, सगळं ठीक वाटतं आणि रात्री ते थांबलं होतं हे कधीच कळत नाही. आकडा फार मागे असेल तर परत बॅटरी सेटिंगमध्ये जा, आपण केलेलं सेव्ह झालं का बघा. फोनचं मोठं अपडेट आलं, परत बघा. ॲप काढून नव्याने टाकलं, परत बघा. बॅटरी वाचवतो म्हणणारं एखादं क्लीनर ॲप असेल तर त्याच्या यादीतूनही हे ॲप वगळा, नाहीतर केलेलं सगळं वाया.

विजेट असलं तरी संपायच्या वेळेचा साधा अलार्म घड्याळात लावाच.

बाकी पटापट. पाणी पीत राहा. एकच विजेट, पहिल्या पानावर. स्ट्रीकचा, म्हणजे सलग किती दिवस जमलं त्याचा आकडा दाखवणारं नको, बरं नसतानाही तो मोडवत नाही. चक्कर, थरथर, घाम, काहीही झालं तर तिथेच सोडा आणि खा, विजेटवर किती उरलंय ते बघत बसू नका. टाइम झोन बदलणाऱ्या प्रवासात सुरुवातीची वेळ एकदा तपासा. फोन रीस्टार्ट केल्यावर विजेट कोरं दिसलं तर काढून परत लावा, नोंदी ॲपमध्ये असतात, त्या जात नाहीत.