कोल्हापुरात घरचा कचरा नीट मार्गी कसा लावायचा? ओल्यापासून सुरुवात करा

आधीच एक सांगतो, कचऱ्याचं सगळं गणित ओल्या कचऱ्यावर अडलंय. रद्दी, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्र्याचे डबे ह्या सगळ्याला कुणीतरी गिऱ्हाईक असतंय, पण त्यावर रात्रीची आमटी सांडली की त्याच मालाचा उकिरडा होतोय आणि तो हातानं निवडायला लागतो कुणाला तर कचरा वेचणाऱ्या बायकांना. त्यामुळं रंगीबेरंगी डबे विकत आणायच्या नादाला लागू नका, पहिला आठवडा फक्त एवढंच करा, सिंकजवळ एक झाकणाचा डबा ठेवा, जे कुजतंय तेवढंच त्यात टाका आणि डब्याला आत प्लास्टिकची पिशवी लावू नका, तळाला वर्तमानपत्राचा कागद घातला की पुरतंय.

आता लगेच कुणीतरी म्हणणार, आम्ही वेगळं करून काय उपयोग, पुढं सगळं एकत्रच होतंय की. मान्य, ही शंका खोटी नाही. पण त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा ओला कचरा घराबाहेर जाऊच द्यायचा नाही आणि सुका सरळ भंगारवाल्याला किंवा वेचणाऱ्या ताईंना द्यायचा, मग टिपरमध्ये, म्हणजे महापालिकेच्या कचरागाडीत, टाकायला उरतंय तरी काय, मूठभर. घरातच वेगळं करायला घनकचरा नियमांनी सांगितलंय, म्हणजे ही कुणाची हौस नाही, कायद्यानं आपल्यावर असलेलं काम आहे.

खत करायला बाल्कनीतला एक कोपरा बास होतोय. रंगाच्या वीस लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या घ्या, स्वच्छ धुवा, तळाला आणि बाजूनं तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडा, खाली एक ताट ठेवा. तळाला नारळाच्या शेंड्या नाहीतर रसवंतीवाल्याकडनं आणलेला उसाचा चोथा वाळवून चार बोटं जाडीचा थर घाला, त्यावर वाळलेला पाला. मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि प्रत्येक वेळी एक मूठ कचऱ्यावर दोन मुठी वाळका पाला. हा पाला लोक विसरतात आणि मग वास सुटला, चिलटं झाली म्हणून बादली बंद करतात. भाजीच्या देठासालीत नत्र आणि पाणी जास्त असतंय, पाल्यात कार्बन, दोन्हीचा मेळ बसला तरच जिवाणू नीट काम करतात आणि वास येत नाही. सुरुवातीला एक गोळा शेण आंबट ताकात कालवून घाला, कोल्हापुरात शेण कुठनं आणू हा प्रश्न पडायचं कारण नाही, जवळच्या गोठ्यात मागा, कुणी नाही म्हणत नाही.

तीन-चार दिवसांनी एकदा काठीनं खालवर करा, हवा लागली पाहिजे. ओल बरोबर आहे का बघायला मूठभर घेऊन दाबायचं, गोळा झाला पण पाणी ठिबकलं नाही तर उत्तम, ठिबकलं तर पाला वाढवा आणि नुसताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. आंबूस वास आला तर बहुतेक वेळा पाणीच जास्त झालेलं असतंय. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात, पाल्याचा थर जाड केला की कमी होतात. एक बादली भरली की ती झाकून ठेवायची आणि दुसरी सुरू करायची, दीड-दोन महिन्यात पहिलीतलं खत काळं, भुसभुशीत होतंय आणि त्याला मातीचा वास येतो. चाळून घ्या, वर राहिलेलं परत नव्या बादलीत.

मटणाची हाडं, माशाचे काटे आणि तर्रीवाला उरलेला रस्सा मात्र बादलीत घालू नका, तेलानं सगळं चिकट होतंय, वास मारतो आणि उंदीर येतात, हे टिपरच्या ओल्या कचऱ्यात द्या. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी पण नकोत, वर्षभर तशाच राहतात. तळणीचं तेल बेसिनमध्ये ओतू नका, ते पाईपात थिजतंय आणि तुंबलं की खालच्या मजल्यावरच्यांना त्रास. थोडं असेल तर कागदानं पुसून घ्या.

आपल्याकडचा पाऊस हा खरा अडथळा आहे. एकदा लागला की आठ-आठ दिवस ऊन नाही, बादली वाळत नाही आणि वाळका पाला कुठं मिळत नाही. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये जेव्हा रस्त्याकडंला पाल्याचे ढीग पडतात तेव्हाच दोन-तीन पोती भरून जिन्याखाली ठेवायची, मिरगाच्या आधी साठा पाहिजेच. हाच पाला लोक पहाटे पेटवून देतात आणि त्यात चार प्लास्टिकच्या पिशव्या पण जातात, हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण प्लास्टिक असं उघड्यावर जाळलं की विषारी वायू सुटतात, पीव्हीसीचा पाईप किंवा वायर असली तर डायॉक्सिन, आणि शेजारच्या घरातलं लहान पोर तोच श्वास घेतंय. होळीला शेणी न जाळता त्या पंचगंगा स्मशानभूमीला दान द्यायची पद्धत आपल्या गावानं घातलीय, तर मग पाला जाळायचं बंद करणं काय अवघड नाही.

सुक्याकडं वळू. एकच पोतं पुरतं, प्लास्टिक, कागद, पत्रा सगळं त्यात, फक्त कोरडं पाहिजे. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडून टाकू नका, जरा लटकता ठेवा, कारण तो नखाएवढा तुकडा वेगळा झाला की कुणीच उचलत नाही, तो गटारीत जातो. पिशवी भांड्याच्या शेवटच्या पाण्यात विसळा आणि दोरीवर टांगा, चांगल्या पाण्यानं धुवत बसायची गरज नाही. बाटली-डब्याच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो, १, २ आणि ५ वाल्याला बहुतेक भंगारवाले लगेच हात घालतात. लोखंड तर आपल्या गावात वाया जायलाच नको, उद्यमनगर-शिरोलीच्या फाउंड्र्यांना भंगार हा कच्चा माल आहे, मोडका पाना पण वितळून नवा पार्ट होऊ शकतो. चिप्स-बिस्किटाच्या चकचकीत कागदाचं मात्र अवघड आहे, त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकाला चिकटवलेले असतात, ते सहज सुटत नाहीत म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. तो सुक्यातच द्या, पण दहा छोटी पाकिटं घेण्यापेक्षा एक मोठं घेतलं तर कचरा कमी होतो. जुन्या साड्या, लुगड्यांच्या वाकळा शिवून घ्या, शिवणाऱ्या मावश्यांना दोन पैसे मिळतात.

मिसळीचा कट आणि तांबडा-पांढरा रस्सा पार्सल आणायला जाताना घरचा डबा न्या. एवढं एक केलं तरी रविवारचा निम्मा कचरा होतच नाही. उकळता कट पातळ पिशवीत बांधून आणणं तब्येतीला चांगलं नाही आणि तेलानं माखलेली ती पिशवी पुढं भंगारात कुणी घेत नाही. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलच्या प्लेटी देशभर बंद आहेत, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगसुद्धा. हॉटेलवाल्याला चिडून बोलू नका, डबा पुढं करा, तोपण आनंदानं भरून देतो कारण त्याची पिशवी वाचते.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्यावर लाल पेनानं मोठा ठिपका काढा, म्हणजे उचलणाऱ्याला न उघडता कळतंय. डायपरमधली घाण आधी संडासात टाका, डायपर कधीच नाही. इन्शुलिनच्या सुया, ब्लेड जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा, भरली की बूच घट्ट लावा आणि वर लिहा. फुटलेली काच पण कागदात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि देताना तोंडानं सांगायचं, दादा यात काच आहे. ज्या हातानं आपला कचरा उचलला जातो त्या हाताची काळजी आपण घ्यायची, मला ह्यात दुसरं मत असू शकतं असं वाटतच नाही.

जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाईट आणि सीएफएल बल्बमध्ये पारा असतो, फोडू नका, मूळ खोक्यातच ठेवा, चुकून फुटली तर खिडक्या उघडा, झाडू न मारता पुठ्ठ्यानं गोळा करा आणि चिकटपट्टीनं बारीक कण उचला. फुगलेली मोबाईल बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही म्हणजे नाही, दाबली गेली की पेट घेऊ शकते. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच परत द्या, पैसे पण कमी होतात.

निर्माल्याचं बघा. शिवाजी पुलावर गाडी थांबवून पिशवीसकट हार नदीत सोडणारे अजून दिसतात, श्रद्धेनं करतात हे मला कळतंय, पण पंचगंगा इथं संपत नाही, पुढं इचलकरंजी, शिरोळ करत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, तिथंपण माणसं राहतात. हारातला दोरा, जरी, प्लास्टिक काढा आणि फुलं आपल्याच बादलीत घाला, त्या खतावर तुळस लावा. गणपती शाडूचा आणा, घरी बादलीत विसर्जन करून ती माती कुंडीत जाते, नाहीतर विसर्जनाला इराणी खण आहे आणि ठिकठिकाणी काहिली, म्हणजे मोठ्या कढया, ठेवलेल्या असतात.

शेवटचं, हे गल्लीनं मिळून केलं तर लई सोपं होतंय आणि आपल्याकडं तालमी, मंडळं आहेतच. तालमीच्या कट्ट्याजवळ एक खोकं ठेवा, त्यात जुने चार्जर, रिमोट, सेल, बंद मोबाईल, आणि वर चिठ्ठी लावा की फुगलेली बॅटरी ह्यात टाकू नये. खोकं भरलं की मान्यताप्राप्त ई-कचरा घेणाऱ्याला एकदम द्यायचं, वायरी जाळून तांबं काढणाऱ्याला नको. महाप्रसादाला पत्रावळ्या नाहीतर स्टीलची ताटं वापरा, उष्टं एका पिंपात आणि ग्लास दुसऱ्यात, पिंपाजवळ मंडळाची दोन पोरं उभी करा, कारण नुसता बोर्ड लावून कुणी वाचत नाही.