कंदील लावताय? आधी या चुका टाळा

वीज गेली की दहा मिनिटांत माळ्यावरचा कंदील खाली येतो. फुंकर मारून धूळ उडवायची, हाताला लागेल त्या कॅनमधलं तेल ओतायचं आणि काडी ओढायची. कंदिलाच्या बहुतेक भानगडी याच दहा मिनिटांत होतात. कंदील लावायचा संध्याकाळी, पण तयार करायचा दिवसाउजेडी, आणि तोही मे महिन्यात. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सुकी मासळी भरता, लाकडं भरता, ताडपत्री बघता, त्याच यादीत कंदील लिहा. ही यादी कोणी करत नाही, म्हणून माझ्यासारख्या स्टोव्ह-बत्ती दुरुस्त करणाऱ्याचं पोट चालतं, तो भाग वेगळा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि रायगड, उत्तर रत्नागिरीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्गाला झोडपलं. तेव्हापासून लोकांना आजोबांचे कंदील आठवू लागले. दुसरं गिऱ्हाईक होमस्टेवाल्यांचं. त्यांना उजेड नको असतो, 'माहोल' हवा असतो. दोघांच्या चुका मात्र सारख्याच.

होडीचा कॅन

सगळ्यांत वाईट चूक हीच, म्हणून आधी घेतो.

रेशनचं निळं रॉकेल बहुतेक घरांतून गेलं. मग किनाऱ्यावर रॉकेल मिळण्याची हमखास जागा म्हणजे शेजाऱ्याची होडी. आउटबोर्ड मशीन पुष्कळ जण पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर घेतात, आणि त्या रॉकेलात टू-टी ऑइल, म्हणजे मशीनचं वंगण, मिसळलेलं असतं. कॅन तोच, नरसाळं तेच, नळी तीच. तळाला राहिलेलं पेट्रोल कोणी धुऊन काढत नाही. मशीनला त्याने काही होत नाही. कंदिलाला होतं.

कारण सरळ आहे. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे रॉकेल निदान ३५ अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्याची वाफ काडी दाखवल्यावर पेट घेता कामा नये. पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेते. म्हणजे पेट्रोल मिसळलेलं तेल भरलं, की तुम्ही काडी ओढायच्या आधीच टाकीत पेटाऊ वाफ तयार असते. त्याला फार पेट्रोल लागत नाही, कॅनच्या तळाशी उरलेलं पुरतं.

मालवण-देवगडच्या मधल्या एका होमस्टेवर मी गॅसबत्तीचं (पंपाने हवा भरायच्या रॉकेलच्या बत्तीचं) मेंटल, म्हणजे उजेड देणारी जाळी, बदलायला गेलो होतो. अंगणात माडाच्या झापांचा मांडव, त्याच्या वाशाला ओळीने टांगलेले कंदील, खाली पुण्याची मंडळी कोंबडी-वडे खात बसलेली. थोड्या वेळाने कडेचा कंदील फुरफुरायला लागला. ज्योत आपोआप मोठी व्हायची, खाली जायची, परत मोठी. पोराने चावी फिरवून वात उतरवली, तरी ज्योत होती तेवढीच. हे बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. वात खाली घेऊनही ज्योत उतरत नाही, याचा अर्थ आता वात जळत नाही, वाफ जळते आहे.

"काय भरलंस रे हेच्यात?"

"रॉकेलच आसा, काका. होडयेच्या कॅनातला."

मी पुढे होईपर्यंत त्याने कंदील कडीला धरून उचलला आणि विहिरीकडे धाव ठोकली. धावताना टाकी हिंदकळली, टोपणाच्या कडेने तेल बाहेर आलं आणि पेटलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. कंदील त्याने सोडून दिला तो नेमका मोकळ्या अंगणात पडला, म्हणून मांडव वाचला. पुढची मजा ऐका. समोर अख्खी पुळण पसरलेली, आणि चार माणसं बादली कुठे म्हणून ओरडत होती. पेटत्या तेलावर पाणी टाकलं की तेल पाण्यावर तरंगत पसरतं. शेवटी दोघांनी ओंजळीने वाळू टाकून तो विझवला.

त्या पोराच्या हातावर कोणीतरी टूथपेस्ट थापायला निघालं होतं. भाजल्यावर वीसेक मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरायचा, टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही. मग दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

आता उपाय. कंदिलाचा कॅन वेगळा ठेवा, त्यावर ठळक लिहा, आणि तो होडीकडे, मोटरसायकलकडे किंवा ग्रासकटरकडे जाऊ देऊ नका. नरसाळंही वेगळं. तेलाबद्दल शंका असेल तर दिवसा, आसपास विस्तव नसताना, कागदावर दोन थेंब टाका. पेट्रोल बघता बघता उडून जातं, रॉकेलचा तेलकट डाग बराच वेळ राहतो. पण ही चाचणी पेट्रोल जास्त असेल तेव्हाच बोलते. थोडं मिसळलेलं ना नाकाला कळतं, ना कागदाला. म्हणून माझा नियम असा, की ज्या कॅनचा पूर्वेतिहास माहीत नाही त्यातलं तेल कंदिलात जात नाही. "थोडं पेटवून बघू" म्हणणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवतो.

थिनर, टर्पेंटाइन हेही नको. डिझेलने भडका उडणार नाही, पण वात दोन दिवसांत चोंदते आणि घरभर काजळी. खोबरेल ओतणारे तर धन्यच. समईची वात तेलात लोळत असते, कंदिलाच्या वातीला तेल इतकं वर चढवायचं असतं. खोबरेल तेवढं चढत नाही, वात कोरडी जळून जाते. 'नैसर्गिक' आहे म्हणून व्हिडिओत दाखवलं होतं म्हणे.

माळ्यावरून थेट खुंटीला

खारं वारं पत्र्याला सोडत नाही. कंदील वरून ठीक दिसतो, रंगही टिकलेला असतो, पण टाकीचा तळ जिथे दुमडून जोडलेला असतो त्या कडेला गंज आतून खातो. सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्यातून थेंब पडत नाही, नुसता ओलावा सुटतो. बाहेरून बोट फिरवलं तर चिकट लागतं, बस.

माझी सवय सांगतो. टाकीत अर्ध्यापर्यंत रॉकेल भरायचं, वात न लावता कंदील वर्तमानपत्राच्या कागदावर रात्रभर ठेवायचा. सकाळी कागदावर गोल डाग दिसला तर तो कंदील शोभेचा झाला. ज्यांना फार जीव लागलेला असतो ते डाख देऊन घेतात. चांगल्या हाताने दिलेला डाख टिकतो. पण टाकीत रॉकेल होतं हे डाखणाऱ्याला सांगा, आणि देण्याआधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा खंगाळून द्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट असते. एम-सीलचा गोळा चिकटवून आणलेले कंदील मी परत पाठवतो. तापून-गार होऊन तो कधी सुटेल ते तो सुटेपर्यंत कळत नाही.

आता नळ्या. कंदिलाच्या दोन बाजूंच्या त्या वाकड्या नळ्या शोभेच्या नाहीत, बर्नरला हवा तिथून येते. वर्षभर माळ्यावर पडलेल्या कंदिलाच्या नळीत कुंभारमाशी हमखास घर करते. एकदा एकाने 'वात कितीही कापा, काळा धूर सोडतो' म्हणून कंदील आणला. नळीत तार घातली तर आधी सुकी माती आली, मग त्या मातीच्या कोठड्यांत माशीने पिलांसाठी कोंबून ठेवलेले वाळके कोळी, एकामागून एक. मोकळी केल्यावर ज्योत सरळ उभी राहिली. त्याने तोवर दोन वाती आणि एक काच बदलून झाली होती. धूर आला की लोक वातीला दोष देतात. आधी नळीला डोळा लावून पलीकडचा उजेड दिसतो का बघा. नळी चेपलेली किंवा गंजून भोक पडलेली असेल तर ज्योत वाऱ्याशिवायही नाचते, आणि नाचणारी ज्योत काच तडकवते.

तळाला पाणी साठलेलं असतं तेही काढा. पावसाळ्यात दमट हवेचं पाणी टाकीत जमतं, रॉकेलच्या खाली बसतं, वातीने वर चढलं की ज्योत तडतडते. टाकी उलटी करून एक दिवस उन्हात ठेवली की काम झालं.

वात

बर्नरच्या खाचेत वात घट्ट बसायला हवी. रुंद खाचेत अरुंद वात घालून कडेला फट ठेवली, तर त्या फटीतून ज्योतीला टाकीत उतरायला वाट मिळते. दुकानदार म्हणतो "चालतंय", चालत नाही. जुन्या टेरिकॉट शर्टाची पट्टी तर मुळीच नाही, ती जळण्याऐवजी वितळते. सुती वात घ्या. नवी वात लावल्यावर ती तेल पिईपर्यंत थांबा. चांगली अर्धा तास. एवढाही धीर नसेल तर टॉर्च आहेच.

काजळलेलं टोक सरळ कापा, दोन्ही कोपरे किंचित उतरवा. शिंगं ठेवलीत तर काचेला दोन काळे पट्टे पडणारच.

जळत्या कंदिलात तेल

हे अजून करतात. भजन रंगात आलंय, कंदील मंदावला, मग विझवायचा कशाला, टोपण काढून ओतायचं. टाकी कोमट, आत वाफ, हातभर अंतरावर ज्योत. विझवा, टाकी हाताला गार लागू द्या, बाहेर नेऊन भरा, सांडलेलं पुसा, मग लावा. रात्र मोठी असेल तर दोन कंदील भरून ठेवा, एवढं साधं आहे. आणि गळ्यापर्यंत भरू नका. वर चौथा हिस्सा मोकळा राहिला पाहिजे, तापलं की तेल फुगतं आणि बर्नरच्या कडेने पाझरतं.

बाकीच्या, थोडक्यात

लावल्या लावल्या वात मोठी करू नका, काच आधी गरम होऊ द्या. पागोळ्या पडतात तिथे पडवीच्या कडेला टांगू नका. तापलेल्या काचेवर एक थेंब पुरतो.

काच राखेने घासा, कोरडी करून बसवा.

तडकलेल्या काचेला चिकटपट्टी लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

झापांच्या किंवा गवती छपराखाली कंदील टांगायचाच नाही, कौलाखालीही कंदिलाच्या डोक्यावर मीटरभर मोकळी जागा हवी. मच्छरदाणीत कंदील घेऊन वाचत पडणाऱ्यांना घरच्यांनीच सांगावं.

खिडक्या-दारं बंद करून, कंदील जळता ठेवून झोपू नका. पावसाळ्यात हे जास्त होतं.

विझवताना वरून फुंकर नको, ज्योत खाली दाबली जाते. वात उतरवा, काच खटक्याने थोडी उचला आणि बाजूने फुंका. वात इतकी उतरवू नका की टाकीत पडेल.

रॉकेल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. पोर तहानेने तोंडाला लावतं. प्यालंच तर उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी नाही, दूध नाही. उलटी होताना रॉकेल फुप्फुसात जातं आणि खरं दुखणं तिथे होतं. तडक दवाखान्यात.

चिमणी

औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून केलेली चिमणी अजून वाड्यावस्त्यांवर आणि काही गोठ्यांत दिसते. उंच, हलकी, गोल बाटली, वर नुसतं दाबून बसवलेलं झाकण. मांजराचं शेपूट लागलं तरी आडवी होते, घरंगळते आणि तेल सांडत जाते. श्रीलंकेचे शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडकुंबुरा भाजलेले रुग्ण बघून बघून कंटाळले आणि त्यांनी 'सुदीपा' नावाचा दिवा तयार केला. १९९८ मध्ये त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. दिव्यात काय होतं? बुटकी, जाड काचेची जड बाटली, दोन बाजू चपट्या म्हणजे पडली तरी घरंगळत नाही, आणि आट्यांचं पत्र्याचं झाकण, म्हणजे आडवी झाली तरी तेल बाहेर येत नाही. चिमणी वापरावीच लागत असेल तर निदान हे तीन गुण असलेली बाटली शोधा. तीही वाटेत ठेवू नका, कोनाड्यात ठेवा.

गॅसबत्ती

हिच्यावर वेगळं लिहावं लागेल. दशावतारवाल्यांच्या जुन्या बत्त्या अजून माझ्याकडे येतात, आणि त्या हाताळणारे म्हातारे कधी भाजत नाहीत. भाजतात ते नवशिके, कारण बर्नर तापवायला आधी पेटवलेलं स्पिरिट पूर्ण जळेपर्यंत त्यांना थांबवत नाही. बर्नर तापायच्या आत पंप मारला की कच्चं रॉकेल वर येतं आणि मांडवापर्यंत भडका जातो. भडकली तर हवा सोडायचा स्क्रू सैल करा, पंपाला हात लावू नका. गरम बत्तीचं तेलाचं टोपण हवा सोडल्याशिवाय उघडलंत तर रॉकेलचा फवारा तोंडावर येतो. जुन्या मेंटलमध्ये थोरियम हा किरणोत्सारी पदार्थ असतो, त्यामुळे फुटलेल्या मेंटलची राख फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

आणि सुटे भाग आणायला बाजारात जाताना कंदीलच बरोबर न्या. काचेचं माप बोटांनी दाखवून आणलेली काच बसत नाही, मग ती बसवायला लोक तार वाकवतात, आणि तो कंदील पुन्हा माझ्याकडे येतो.