पाणी हिरवं झालं म्हणून टँक उपसू नका

कोल्हापूरजवळ बालिंग्याच्या पुढं, गगनबावडा रस्त्याला, गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याकडून बरीच कुटुंबं राहायला आली. बहुतेकांनी हौसेनं दारात पोहायचा टँक बांधून घेतला. मीही 2010 साली डोंबिवलीहून आलेली, त्यामुळं ही हौस मला चांगली कळते. पण दरवर्षी शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं, की फोन सुरू होतात. "ताई, पाणी हिरवंगार झालंय, तळच दिसत नाही. रंगपंचमीला पाहुणे येणार आहेत. सगळं उपसून नवीन भरू का?"

नका भरू. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं मात्र ठेवा. हिरवं पाणी टँकमध्येच स्वच्छ करता येतं. रिकामा टँक फुटला तर तो नीट करायला वर्ष जातं.

आमच्या पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यानंतर असंच पाणी झालं होतं. शेजारचे आबा बांधावरून म्हणाले, "पाव्हणं, उपसून टाका की! दोन दिसांत लख्ख हुतंय." माणूस मायेचा, सांगणंही मनापासूनचं. आम्ही पंप लावला, रात्रीत टँक कोरडा केला. सकाळी चहाचा कप हातात घेऊन बघायला गेले तर तळाच्या फरशा मधोमध फुगून वर आलेल्या, आणि दोन फरशांच्या सांध्यातून तांबूस गढूळ पाणी बुडबुड करत वर येत होतं. पलीकडच्या उसाला चार रात्री पाटानं पाणी चालू होतं. जमीन तुडुंब भरलेली. आमच्या टँकमध्ये 40,000 लिटर पाणी, म्हणजे 40 टन वजन, तळाला दाबून धरत होतं. ते आम्ही आमच्या हातानं काढून घेतलं आणि खालच्या पाण्यानं तळ उचलला. दीड लाख रुपये गेले, मुलांची उन्हाळ्याची सुट्टी गेली. भोगावती-पंचगंगेच्या काठानं, उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाला हा धोका आहे. दुरुस्तीसाठी टँक रिकामा करावाच लागला तर मे महिन्यात करा, शेजारच्या रानात पाणी कधी सोडणार ते आधी विचारा, आणि खालच्या पाण्याचा दाब सोडणारा वॉल्व तळाला बसवलाय का, हे बांधणाऱ्याकडून खात्री करून घ्या.

आबांचं तरी काय चुकलं? इथली माणसं विहिरीत, रंकाळ्यात, पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकली. वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिकला गेलेला जलतरणपटू कोल्हापूरचाच. पाण्याची ओढ इथं रक्तात आहे. पण विहिरीला झरा असतो, उपसली की ताजं पाणी येतं, मासे किडे खातात. टँकला यातलं काही नाही. त्याचा झरा म्हणजे तुमचा पंप आणि फिल्टर. थंडीत कुणी पोहत नाही म्हणून आपण तीन महिने पंप बंद ठेवतो, आणि नेमके तेच दिवस उसाच्या गळिताचे. फड पेटवले की पाचटाची काळी काजळी उडत येऊन पाण्यावर बसते. शेतातल्या खताचा अंशही वाऱ्या-पावसाबरोबर येतो. शेवाळाला यापेक्षा जास्त काय लागतं? थंडीतही रोज दोन तास तरी पंप चालवा, निम्मा त्रास वाचेल.

आता हिरवं झालंच असेल तर आधी जाळीनं पाला आणि कचरा काढा. कुजका पाला आत असताना औषध टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. हात घालण्याआधी काठीनं ढवळा, आत बेडूक असतात, त्यांच्यामागं विरोळाही येतो. विरोळा बिनविषारी, पण चावतो.

मग पाणी तपासा. इथंच नवी मंडळी घाई करतात. टेस्ट किट न घेता कुणीतरी सांगितलं म्हणून मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) ओतणारे मी दोघं पाहिले. त्यानं शेवाळ मरतं खरं, पण तांबं पाण्यात राहतं आणि प्लॅस्टरवर निळसर-हिरवे डाग पडतात. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, आधी 7.2 च्या आसपास आणा. क्लोरीन 10 पीपीएमच्या (दहा लाख भाग पाण्यात 10 भाग) वर गेलं की किटमधला पीएचचा रंग भरवशाचा राहत नाही, म्हणून हे काम पहिलं.

दुसरा आकडा स्टॅबिलायझरचा, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवून धरणाऱ्या सायन्युरिक ॲसिडचा. तो कुणीच बघत नाही. टीसीसीएच्या, म्हणजे स्टॅबिलायझर मिसळलेल्या क्लोरीनच्या, गोळ्या सोप्या, तरंगत्या डब्यात टाकल्या की झालं, म्हणून आपण वर्षभर त्याच वापरतो. त्या गोळीतून 10 पीपीएम क्लोरीन मिळालं की सोबत साधारण 6 पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात पडतो. क्लोरीन उडून जातं, तो साठत जातो. 100 च्या वर गेला की कितीही क्लोरीन टाका, शेवाळ हलत नाही. मग एकच उपाय, पाणी बदलणं. तेही चौथाई काढा, भरा, पुन्हा चौथाई काढा. सगळं एकदम कधीच नाही. हे मी परत परत सांगणार.

स्टॅबिलायझर 30 असेल तर क्लोरीन 12 पीपीएमपर्यंत न्या, 50 असेल तर 20 पर्यंत. यासाठी लिक्विड हायपो (पातळ क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट) बरा. 10 टक्क्यांचा ताजा हायपो असेल तर 40,000 लिटरला 4 लिटरनं साधारण 10 पीपीएम वाढतं. कॅन उन्हात ठेवलेला असेल तर घेऊ नका, त्यातला जोर गेलेला असतो. ब्लीचिंग पावडर वापरायची तर बादलीत कालवून निवळी तेवढी ओता, खालचा चुना नको. औषध सूर्य मावळल्यावर टाका, उन्हात क्लोरीन झपाट्यानं उडतं. पंप रात्रंदिवस चालू ठेवा, भिंती रोज ब्रशनं घासा, दिवसातून दोन-तीनदा तपासून कमी पडेल तेवढं क्लोरीन पुन्हा घाला. एकदाच भरपूर ओतून आठ दिवस वाट बघत बसलात तर शेवाळ परत येतं.

गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मापानं, एका बादलीत कधीही एकत्र करू नका. आग लागते, स्फोट होतो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं तर विषारी वायू होतो. बादलीत आधी पाणी, मग औषध. कामाला ठेवलेल्या पोराला हे स्वतः दाखवा. "त्याला सगळं येतं" असं म्हणून घरात जाऊन बसणारे आपल्यातलेच जास्त, याचं मला वाईट वाटतं.

दोन-तीन दिवसांत हिरवं पाणी दुधट राखाडी होतं. घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ आहे. ते आता फिल्टरनं काढायचं. गेजचा दाब स्वच्छ फिल्टरपेक्षा 8 ते 10 पीएसआय (दाबाचं माप) वाढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं, मग रिन्स, म्हणजे सुलट पाण्यानं खळाळणं. पंप बंद केल्याशिवाय वॉल्वच्या दांडीला हात लावायचा नाही. तळाचा गाळ व्हॅक्यूमनं थेट बाहेर सोडा, पण उसात किंवा ओढ्यात नको, क्लोरीन उतरल्यावर आपल्याच आवारात मुरू द्या.

रात्री क्लोरीन मोजा, सकाळी ऊन पडायच्या आत परत मोजा. घट 1 पीपीएमपेक्षा कमी असेल आणि पाणी नितळ असेल तर शेवाळ संपलं. तळाच्या जाळीची भोकं काठावरून मोजता येईपर्यंत मुलांना पाण्यात सोडू नका, पाहुणे दारात उभे असले तरी. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल दिसत नाही.

किट नसेल तर बाटलीत पाणी भरून माझ्याकडं घेऊन या. वरवरचं नको, कोपरापर्यंत हात बुडवून तिथलं भरा, आणि भरल्यापासून तासाभरात आणा.