रीसायकल कागदाची सरकारी खरेदी: या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतल्या कुठल्याही सरकारी भांडारात डोकावा, रिमांचा गठ्ठा पांढराशुभ्रच दिसेल. रीसायकल कागद का घेत नाही, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात: झेरॉक्सच्या मशीनला चालत नाही, महाग पडतो, साहेबांना आवडत नाही. स्टेशनरीच्या धंद्यात राहून माझं मत झालंय ते वेगळं. हा कागद मशीनवर नापास होण्याआधीच मागणीपत्रात नापास झालेला असतो. आपल्याकडे इकोमार्क, म्हणजे पर्यावरणपूरक मालावरचं सरकारी चिन्ह, ऐच्छिक आहे. त्यामुळे खरेदीदारानं कागदावर लिहून मागितलं नाही, तर पुरवठादार आपण होऊन रीसायकल माल देणार नाही.

मागच्या वर्षीचं स्पेसिफिकेशन जसंच्या तसं उतरवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. मार्चएण्डची घाई असते, जुनी फाईल निघते आणि तिच्यातली ओळ नव्या निविदेत येऊन बसते: "ए-फोर, 75 जीएसएम, सुपर व्हाइट, ब्राइटनेस 92 टक्क्यांहून जास्त, शंभर टक्के व्हर्जिन पल्प, अमुक कंपनीचा किंवा तत्सम." (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन.) ही ओळ मुळात कोणी लिहिली, ते कार्यालयात कोणालाच ठाऊक नसतं. बहुधा एखाद्या पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून ती आलेली असते.

या एका ओळीत रीसायकल कागद तीनदा बाद होतो. "व्हर्जिन पल्प", म्हणजे रद्दी नसलेला ताजा लगदा, म्हटलं की विषयच संपला. ते खोडलं तरी ब्राइटनेसचा आकडा आड येतो. रद्दीतली शाई काढून केलेला लगदा थोडा करडा राहतो, आणि तो 92 च्या वर न्यायचा तर जास्तीची ब्लीचिंग करावी लागते, म्हणजे खर्च वाढतो. मग तोच खर्च दाखवून "बघा, रीसायकल महाग" असं म्हटलं जातं! टपालाची पोच, बैठकीचं टाचण, रजेचा अर्ज यांना इतका शुभ्र कागद लागतो कशाला? काळं अक्षर स्पष्ट उठलं आणि मागचं पुढे दिसलं नाही की काम झालं. हे दुसरं काम तर रीसायकल कागद सहसा चांगलंच करतो, कारण त्याची अपारदर्शकता बरी असते. म्हणून पाठपोट छपाईला तो उलट सोयीचा.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 144 या बाबतीत नेमका आहे. वर्णन गरजेपुरतं असावं, खर्च वाढवणाऱ्या अनावश्यक गोष्टी त्यात नसाव्यात, आणि विशिष्ट ब्रँडची मागणी करू नये. म्हणजे "सुपर व्हाइट" हा शब्द काढायला वेगळ्या आदेशाची वाट पाहायला नको. ओळ अशी लिहिता येते: "ए-फोर कॉपियर कागद, 75 जीएसएम, आयएस 14490 नुसार, आयएसआय चिन्हासह, लगद्यात वापरून झालेल्या रद्दीचं प्रमाण किमान इतके टक्के, त्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र जोडावं." टक्का तुमच्या गरजेनुसार आणि बाजार पाहून ठरवा, पण तो आकड्यात असू द्या. "शक्यतो पर्यावरणपूरक" असं लिहिलेली अट तपासायची कशी आणि कोणी?

"रीसायकल" म्हणजे काय, हे न विचारणं

कागद गिरणीत कापताना निघालेल्या कडा पुन्हा लगद्यात टाकल्या तरी त्याला रीसायकल म्हणता येतं. तुमच्या कार्यालयातून रद्दीवाल्याकडे गेलेला कागद फिरून आला, तर तेही रीसायकलच. पण फायद्यात फरक मोठा आहे. गिरणीच्या कडा तशाही वाया जात नव्हत्या. अमेरिकेत हा फरक नियमात धरला गेला. 1993 च्या अध्यक्षीय आदेशानं तिथल्या केंद्र सरकारच्या छपाईच्या कागदात वापरकर्त्याकडून परत आलेली रद्दी किमान 20 टक्के हवी असं ठरवलं, आणि पुढे ते प्रमाण 30 टक्क्यांवर नेलं. म्हणून आपल्या निविदेत नुसतं "रीसायकल" न लिहिता "वापरून झालेली रद्दी" असं लिहावं.

दुसरा घोळ उसाच्या चोथ्याचा. तमिळनाडूतल्या करूरची टीएनपीएल गिरणी बगॅसपासून कागद करते. चांगला कागद आहे, झाडं वाचतात, पण तो रीसायकल नव्हे. मातीच्या माठाचं चिन्ह असलेला इकोमार्कही नुसत्या रद्दीसाठी नाही. छपाईच्या कागदाच्या भारतीय मानकात त्यासाठी बांबू, लाकूड आणि बोरू यांखेरीज इतर मालाचा लगदा किमान 60 टक्के मागितला आहे. हा इतर माल म्हणजे रद्दी असेल किंवा शेतातला टाकाऊ माल असेल. ही योजना 1991 ची, 2024 मध्ये तिचे नियम नव्यानं आले. तुम्हाला दोन्ही चालत असतील तर दोन्ही लिहा, स्पर्धा वाढेल.

एफएससी या जंगलांबाबतच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचं झाडाचं चिन्ह बघूनही लोक फसतात. त्यात "रीसायकल्ड" आणि "मिक्स" अशी वेगवेगळी लेबलं आहेत. शिवाय जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारात, भारतीय मानक असताना फक्त परदेशी प्रमाणपत्राची सक्ती केलेली अट टिकत नाही. "किंवा समकक्ष भारतीय प्रमाणपत्र" हे शब्द विसरलात तर तक्रार आलीच म्हणून समजा.

(कागदाचं खानदेशाला नवल नाही. एरंडोलच्या जाड्याभरड्या देशी कागदाची नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही आहे. पांढराशुभ्र म्हणजेच चांगला, हे आपण नंतर शिकलो.)

एका कार्यालयाची नियमपुस्तिका दुसऱ्यानं वापरणं

भुसावळची रेल्वे केंद्राच्या चौकटीत खरेदी करते. तहसील कार्यालयासाठी राज्याच्या उद्योग विभागाची 1 डिसेंबर 2016 ची खरेदी नियमपुस्तिका आणि तिच्यातल्या पुढच्या सुधारणा आहेत. जिल्हा परिषदेला 1968 ची लेखा संहिता आहे, ग्रामपंचायतीला 2011 ची. मित्राच्या कार्यालयातली टिप्पणी उचलून आपल्या फाईलला लावली की खरेदीच्या रकमेच्या मर्यादा चुकतात आणि लेखापरीक्षक नेमका तिथेच आक्षेप घेतो. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: निविदा टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडायचे नाहीत. "रीसायकल कागद थोडा थोडा घेऊन बघू" म्हणत दर महिन्याला दरपत्रकावर घेतलेला माल बाहेरून तुकडे पाडल्यासारखाच दिसतो. चाचणी घ्यायची तर वर्षाच्या निविदेतच नमुना मागा आणि तो तुमच्या स्वतःच्या मशीनवर चालवून बघा.

रीम वजन न करता घेणं

हे कुणीच करत नाही, आणि करायला दोन मिनिटं लागतात. ए-फोरचे 500 कागद 75 जीएसएमचे असतील तर वजन साधारण 2 किलो 340 ग्रॅम भरतं. 70 जीएसएमचे असतील तर 2 किलो 180 ग्रॅमच्या आसपास. वेष्टण काढून शेजारच्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. थोडा फरक मानकात चालतो, पण दीडशे ग्रॅम कमी भरले तर एक तर कागद पातळ आहे नाही तर पानं कमी आहेत. "रीसायकल कागद अडकतो" या तक्रारीमागे कित्येकदा हाच पातळ कागद असतो. वेष्टणावरचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे आयएसआय चिन्हाचा परवाना क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर टाकून परवाना खरा आहे का, तेही बघून घ्या.

कूलरशेजारी गठ्ठा

एप्रिल-मे महिन्यात खानदेशातल्या कार्यालयात कूलर चालू नसेल तर माणूस बसूच शकत नाही. आणि रिमा कुठे रचलेल्या असतात? कूलरच्या समोरच्या भिंतीला, थेट फरशीवर. ओलसर हवा लागून कागदाच्या कडा लाटा घेतात आणि मशीन दोन-दोन पानं ओढतं. बाजूच्या कोरड्या खोलीत उघडा पडलेला कागद उलट वळतो आणि एकमेकाला चिकटतो. व्हर्जिन कागदाचंही असंच होतं, पण शिव्या खातो रीसायकल. "हाऊ कागद मळकट दिसस ना भाऊ" म्हणणाऱ्या शिपाईभाऊंना तर मग कारणच मिळतं. लाकडी फळीवर रचा, भिंतीपासून वीतभर लांब, आणि लागेल तेवढंच वेष्टण फोडा. पानं अडकत असतील तर आधी गठ्ठा उलटा करून ट्रेमध्ये घाला, मशीनमधली धूळ साफ करा, मगच कागदाला दोष द्या.

सगळीकडे एकच कागद

'अ' वर्गाचे, म्हणजे कायम जपायचे अभिलेख रीसायकल कागदावर काढायचा हट्ट धरू नका. रद्दीत वर्तमानपत्राचा लगदा असेल तर कागद काही वर्षांत पिवळा पडतो. वर्षभरानं नष्ट होणारे 'ड' वर्गाचे कागद, मसुदे, आतल्या सूचना यांना तो बिनधास्त वापरा. फाईल कव्हर, खाकी पाकिटं, रजिस्टरचे पुठ्ठे यांत रद्दीचा माल बऱ्याचदा आधीपासूनच असतो. वापी इथल्या गिरण्या हेच करतात आणि वापी नंदुरबारहून फार लांब नाही. सुरुवात तिथून केली तर कोणी भुवई उंचावत नाही. फक्त पुरवठा आदेशात टक्का लिहून घ्या, म्हणजे वर्षअखेरीस दाखवायला कागदोपत्री आकडा राहतो. उत्तरपत्रिकांसाठी घेणार असाल तर शाईपेनाची एक रेघ ओढून बघा. फुटली तर तो कागद परीक्षेला नको.

खोकी न फोडता पोच देणं

जेमवर माल आला की 48 तासांत तात्पुरती पोच आणि 10 दिवसांत स्वीकृती द्यायची असते. खोकी मात्र गरज लागेल तेव्हा, पावसाळ्यात, उघडली जातात. तोवर स्वीकृती गेलेली, देयक निघालेलं. त्या 10 दिवसांतच वेगवेगळ्या खोक्यांतून एकेक रीम काढून वजन, परवाना क्रमांक आणि मशीन अशा तिन्ही चाचण्या उरकून साठा नोंदवहीत शेरा मारा. माल नाकारायचा असेल तर कारण आकड्यात लिहा: "वजन 2 किलो 150 ग्रॅम, मागणी 75 जीएसएम." नुसतं "दर्जा निकृष्ट" लिहिलेलं पुरवठादार सहज खोडून काढतो.