टाइप रेटिंगचे पैसे कोणी भरायचे?

"सीपीएल झालंय पोराचं, आता ए३२०चं टाइप रेटिंगही करून टाकू का? म्हणजे लगेच नोकरी लागेल." हा प्रश्न मला विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचे वडील जास्त विचारतात. साहजिक आहे, पैसे त्यांचे असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑफर लेटर हातात असेल तर नाइलाजाने भरा, नसेल तर थांबा. खरं तर हे पैसे विमान कंपनीनेच भरायला हवेत असं माझं मत आहे, पण माझ्या मताने बाजार चालत नाही.

नवीन लोकांसाठी आधी थोडं सांगतो. सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स. त्यासाठीचे उड्डाणाचे २०० तास तुम्ही सेसना नाहीतर डायमंडसारख्या छोट्या विमानावर भरता. बारामती असो, गोंदिया असो, धुळे असो की परदेश, लायसन्स मिळाल्यावरही एअरबस ए३२०च्या कॉकपिटमध्ये बसायची परवानगी मिळत नाही. त्या जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण म्हणजे टाइप रेटिंग. ए३२०चं रेटिंग बोइंग ७३७वर चालत नाही आणि ७३७चं एटीआरवर चालत नाही. एवढ्यासाठी आजच्या घडीला १५-२० लाख सहज जातात, कुठे त्याहूनही जास्त. सीपीएलचे ५० लाखांच्या आसपास आधीच गेलेले असतात.

आता यातली गोम बघा. सीपीएल हे तुमचं शिक्षण आहे, ते घेऊन तुम्ही कुठेही जाऊ शकता. ए३२०चं रेटिंग मात्र ए३२० उडवणाऱ्या कंपनीशिवाय कुणाच्या कामाचं नाही. ज्या कौशल्याचा उपयोग फक्त मालकाला, त्याचा खर्च नोकरी लागायच्या आधीच उमेदवाराने का करायचा?

प्रशिक्षण मात्र अव्वल असतं. काही आठवडे ग्राउंड क्लासेस, मग सिम, म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट, सिम्युलेटर. सिम्युलेटर महागडा, त्यामुळे तो चोवीस तास चालू ठेवतात आणि नवख्यांच्या वाट्याला हमखास रात्री दोनचा स्लॉट येतो. चार तासांचं सेशन, जोडीदारासोबत. अर्धा वेळ तुम्ही उडवता, अर्धा वेळ तो उडवत असताना चेकलिस्ट वाचता आणि रेडिओ सांभाळता. टेक-ऑफच्या ऐन वेगात इन्स्ट्रक्टर एक इंजिन बंद करतो. नाक एका बाजूला ओढलं जातं, पाय आपोआप रडरवर जातो, आणि तेवढ्यात जोडीदार "पॉझिटिव्ह क्लाइंब" (विमान वर चढतंय) म्हणायला विसरतो. पहिल्या वेळी दोघांचेही शर्ट भिजतात. जोडीदार कच्चा निघाला तर तुमचंही सेशन वाया जातं, आणि जादा सेशनचे पैसे कुणाच्या खिशातून जाणार, हे आधीच लिहून घेतलेलं बरं.

हे सगळं पार पडलं की परवान्यावर शिक्का बसतो आणि घड्याळ सुरू होतं. एअरलाइनमधल्या पायलटची सहा-सहा महिन्यांनी सिममध्ये परीक्षा होते, म्हणून त्याचं रेटिंग जिवंत राहतं. घरी बसलेल्याचं कोण जिवंत ठेवणार? नोकरी लांबली की पुन्हा रिफ्रेशर, पुन्हा सिम, पुन्हा पैसे. हिशेब करा: ५० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षं, तर हप्ता सुमारे ६९ हजार. त्यात रेटिंगचे १८ लाख घातले की तो ९३ हजारांच्या पुढे जातो. शिकत असताना हप्ता नसतो म्हणून निर्धास्त राहू नका, त्या काळातलंही व्याज चढत असतं. बिना तारणाचं शैक्षणिक कर्ज एवढ्या रकमेला पुरत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा घर किंवा शेत गहाण पडतं.

आणि बाजार कधी फिरेल सांगता येत नाही. २०१२मध्ये किंगफिशर बसली, एप्रिल २०१९मध्ये जेट, मे २०२३मध्ये गो फर्स्ट. अशा वेळी हजारो तास उडवलेले पायलट नोकरी शोधायला उभे राहतात आणि नुसतं रेटिंग घेतलेला, प्रवासी घेऊन एकदाही न उडालेला मुलगा रांगेत त्यांच्या मागे जातो. जेट बंद पडली तेव्हा बोइंगचं ७३७ मॅक्सही जगभर उड्डाणबंदीमुळे जमिनीवर होतं. त्या वर्षी स्वखर्चाने ७३७ निवडलेल्यांची अवस्था काय झाली असेल, याचा अंदाज करा.

कंपन्यांची बाजूही अगदीच खोटी नाही. पैसे घालून पायलट तयार करायचा आणि त्याने दुसऱ्या वर्षी पलीकडच्या कंपनीत उडी मारायची, हे होतं. त्यावर बाँड हा मार्ग आहे. कंपनी खर्च करते, तुम्ही ठरावीक वर्षं राहता. आधी गेलात तर रक्कम भरता. मला हा सौदा रास्त वाटतो, फक्त कागद नीट वाचा. दरवर्षी रक्कम कमी होते की शेवटपर्यंत तेवढीच राहते? कंपनीनेच काढलं किंवा मेडिकल (उडायला लागणारं आरोग्याचं प्रमाणपत्र) गेलं तर काय? कोरे चेक मागितले तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. बाँडशिवाय नोटिस पिरियडही असतोच, डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) २०१७पासून को-पायलटसाठी तो सहा महिन्यांचा ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत करू नका: उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसून उड्डाणाचे तास मिळवण्यासाठी पैसे देणं. 'लाइन ट्रेनिंग पॅकेज' या गोंडस नावाखाली परदेशात हे विकलं जातं. विमानात तिकीट काढलेले प्रवासी आहेत, तुम्ही को-पायलटचं पूर्ण काम करताय आणि वर पैसेही तुम्हीच देताय. तास संपले की तुमच्या जागी पुढचा गिऱ्हाईक.

कर्जाचा संबंध सुरक्षिततेशीही आहे, त्याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. २४ मार्च २०१५ला जर्मनविंग्जच्या को-पायलटने ए३२० आल्प्समध्ये जाणूनबुजून आपटलं, १५० जीव गेले. फ्रेंच तपासयंत्रणेच्या अहवालात त्याच्या मानसिक आजारासोबत प्रशिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाची नोंद आहे, आणि मेडिकल गमावण्याच्या भीतीने पायलट आजार लपवतात याचीही चर्चा आहे. कर्जबाजारी होणारा प्रत्येक जण तसा नसतो, हे उघड आहे. पण ९३ हजारांचा हप्ता डोक्यावर असलेला पोरगा आज मला बरं नाही, झोप झालेली नाही, असं म्हणायला कचरतो, हे मी जवळून पाहतो. म्हणून पहिल्या नोकरीपासूनच लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे आजारपणाने लायसन्स गेलं तर भरपाई देणारा, विमा उतरवा. आणि पहिली दमडी खर्च करण्याआधी क्लास वन मेडिकल.

कॅडेट प्रोग्रॅमचं, म्हणजे विमान कंपनीच्या सुरुवातीपासूनच्या प्रशिक्षण योजनेचं, थोडक्यात: एकूण आकडा मोठा दिसतो, कोटीच्या घरात जातो, पण त्यात बहुतेकदा रेटिंग धरलेलं असतं आणि पुढे कंपनी असते. सुट्टं सुट्टं करून पडणाऱ्या खर्चाशी तुलना करूनच ठरवा. 'कंडिशनल' ऑफर असेल तर त्या अटी लेखी मागा.

ऑफर लेटर असूनही रेटिंग स्वतःच करायला सांगितलं, तर ट्रेनिंग सेंटर कंपनीने मान्य केलेलं आहे का ते कंपनीलाच ईमेल करून विचारा, एजंटला नाही. पैसे सेंटरच्या खात्यावर टप्प्याटप्प्याने भरा. "सीट पक्की करायला" रोख मागणारा भेटला तर उठून या.